उतरल्यावर सांगायचा मासा

भारती,

तू गेल्यावर सगळे तुझ्या उडण्याबद्दल बोलले. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या त्या हॉलमध्ये तुझा गणवेशातला फोटो मांडला होता आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या त्यात तुझ्या चेहऱ्याहून उजळ आल्या होत्या. भरारी, पंख, आकाश, क्षितिज. जो उठला त्याने हेच शब्द उचलले. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्यांचा खारट, जुना वास पंख्याच्या वाऱ्याबरोबर आत येत होता आणि मला वाटत होतं, या खोलीत तुझं असं तेवढंच आहे. ‘आकाश कसलं गो,’ तू म्हणाली असतीस, ‘वर पोरं आपोआप जातात. माझा धंदा उतरवायचा.’

मलाही बोलायला सांगितलं होतं. बालमैत्रीण, त्यातून कवितेची प्राध्यापिका. माझ्याकडून काहीतरी सुंदर येईल अशी अपेक्षा होती. मी मानेनेच नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते त्या हॉलला नव्हे, तुला सांगायचं होतं, आणि तेव्हा ते पुरतं माझ्या हाती आलेलं नव्हतं. आता आलं आहे.

तुझा वर्ग मला आधी आठवतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पत्रा कापण्याचं यंत्र दिवसभर दात खात असे. फळ्यावरचा खडू त्याच्या ठोक्यांनी खाली घसरे. पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारलं होतं, “भाडं कमी म्हणून घेतलीस का गं ही जागा?”

“आवाज फुकट मिळतो म्हणून,” तू म्हणालीस. “शांत खोलीत शिकलेलं पोरगं वर गेलं की बहिरं होतं.”

मला ती अतिशयोक्ती वाटली. मग तू खुर्ची ओढून समजावलंस, हातातल्या डस्टरचं विमान करून. नवशिका वैमानिक धावपट्टीच्या रेषेत येतो, शेवटची सरळ उतरण सुरू होते, तुम्ही तिला फायनल म्हणता. इथवर त्याला सगळं येत असतं. पण जमीन जवळ येऊ लागली की भीती त्याला आतून खायला लागते, आणि ती कुठून सुरुवात करते हे तुला ठाऊक होतं. “आधी कान जातात. मी शेजारी बसून ओरडते, त्याला ऐकू येत नाही. वेग घटल्याचा भोंगा वाजतो, तोही नाही. मग डोळ्यांच्या कडा जातात. समोरची पट्टी दिसते, बाकी बोगदा. आणि मूठ अशी आवळतो की विमान काय सांगतंय ते बोटांना कळतच नाही. त्याला नंतर विचारलंस तर शपथेवर सांगेल, मॅडम काही बोलल्याच नाहीत. खोटं नाही बोलत तो, बिचारा.”

“मग तू काय करतेस?”

“मासे विकते,” तू म्हणालीस आणि हसलीस.

तुझी ती रीत! विमानविद्येच्या कुठल्या पुस्तकात ती असेल असं मला वाटत नाही; ती फक्त मासे विकणाऱ्या आईच्या पाटीशेजारी वाढलेल्या मुलीलाच सुचावी. फायनलवर, विमान उतरत असताना, तू सहज आवाजात एका माशाचं नाव घ्यायचीस. चढ्या स्वरात नाही, सूचनेसारखं नाही. बाजारातून आल्यावर दारात चपला काढता काढता सांगावं तसं. ‘आज हलवा बरा होता.’ ‘रावस महाग झाला.’ आणि पुढे चकार शब्द नाही. विमान उतरून उभं राहायचं, इंजिन बंद व्हायचं, पंख्याचं पातं थांबायचं, आणि मग तू विचारायचीस, “कुठला मासा?”

ज्याला सांगता आलं त्याला कळायचं की आता आपल्याला एकट्याला पाठवण्याची वेळ जवळ आली. ज्याला नाही आलं तो पुन्हा वर जायचा. उत्तर हवेत द्यायचं नाही हा तुझा कडक नियम होता. हवेत फक्त ऐकायचं. सांगायचं ते उतरल्यावर.

घाटकोपरचा तो जैन मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला होता, “मॅडम, आमच्या घरी मासा चालत नाही ना.”

“खायला कुठे सांगतेय रे? ऐक फक्त. ऐकून कोणी बाटत नाही.”

“भाजी सांगा ना मॅडम, प्लीज.”

“बरं. पण आवडीची नाही मिळणार.” आणि त्या मुलाला तू महिनाभर दुधी, पडवळ, कारलं ऐकवत राहिलीस. तुझ्या शोकसभेत तो मागच्या रांगेत बसला होता, आता मोठ्या विमानांवर आहे. बाहेर पडताना माझ्याजवळ आला आणि फक्त इतकंच म्हणाला, “पडवळ.” त्या सभेतलं सर्वांत चांगलं भाषण तेच होतं.

एक मासा मात्र तू विमानात कधी नेला नाहीस. तो आपल्या दोघींचा होता.

माझ्या माहेरी मासा येत नसे. कुणाच्या तरी घशात काटा अडकल्याची गोष्ट मात्र नेहमी येत असे. शाळेतून तुझ्या घरी आले की तुझ्या आईच्या तव्यावरचा तो वास मी दारातच श्वासात भरून घ्यायची आणि तिथेच थांबायची. एकदा तिने माझ्यापुढे बशी सरकवली. तिच्यात सोनेरी, बोटाएवढ्या मांदेली, रव्यात घोळवून कडक तळलेल्या. मी हात मागे घेतला. “काटा,” मी म्हणाले.

“मांदेलीच्या काट्याला कोन भितंय गो?” तुझी आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “सगलीच खायाची. डोक्यापासना शेपटीपरत. चाव!”

मी डोळे मिटून चावले. दातांखाली तो बारीक, गोड, कुरकुरीत आवाज झाला, आणि माझ्या आयुष्यातली एक भीती आवाजासकट संपली. तू इतकी हसलीस की तुझ्या नाकातून सोलकढी आली. पुढे आपण दोघी मोठ्या झालो. तू आकाशाकडे गेलीस, मी कवितेकडे. पण माझ्या प्रत्येक कठीण दिवशी तू जोगेश्वरीच्या घरी डबा घेऊन यायचीस आणि त्यात काय असेल ते मला झाकण न उघडता कळायचं. माझी लेक जुई तर तो वास ओळखतच मोठी झाली. तुझ्या हाताखाली शिकायला लागल्यावर तिने एकदा विचारलंही होतं, “मावशी, तू विमानात मांदेली का नाही म्हणत कधी?”

“ती घरची. घरचं कामावर न्यायचं नसतं. आणि मावशी घरी. इथे मॅडम.”

जुईची गोष्ट आली की मला आपला अर्धवट राहिलेला वाद आठवतो. तो मला आज पुरा करायचा आहे.

घाटापलीकडच्या त्या छोट्या धावपट्टीवर ती तुझ्याबरोबर उडत होती. हवामान, नकाशे, यंत्रं, सगळ्यांत पुढे. मग एका दुपारी आडवा वारा आला, विमान टेकताना उसळलं, पुन्हा आपटलं. तू हात घातलास म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर जुईला मासे ऐकू येईनासे झाले. सुरमई गेली, घोळ गेली, पापलेट गेलं. तिच्या बरोबरीची मुलं एकेक करून एकटी उडून आली आणि तू तिला सोडेनास.

मी तुझ्याकडे आले तेव्हा तू मोरीच्या कट्ट्यावर कोलंबी सोलत होतीस.

“का अडवून ठेवलंयस माझ्या मुलीला?”

“तिला ऐकू येत नाही.”

“तिचे कान माझे आहेत, भारती. पानगळ ऐकणारी मुलगी आहे ती.”

“जमिनीवर. फायनलवर ती तिथे नसतेच. नुसती पट्टीत बुडालेली असते.”

मला राग आला, आणि मी माझं हुकमी अस्त्र काढलं. म्हटलं, तुझं सगळं शास्त्र उलटं आहे. ताणाच्या क्षणीच माणूस सर्वांत जास्त जागा असतो. माझे वडील गेले त्या सकाळचं मला सगळं आठवतं: स्टीलच्या पेल्यावरचं बाष्प, खिडकीच्या गजाला अडकलेला पतंगाचा मांजा, कापूर आणि डेटॉल यांचा एकत्र वास. त्या एका सकाळवर मी अख्खी कविता लिहिली. भीती जाणिवा मारत नाही. त्यांना धार लावते.

तू कोलंबीचा काळा दोरा ओढून काढलास, शांतपणे. “तुझी आत्या तुला हाका मारत होती. चहा घे म्हणून. चार वेळा. ते आहे का कवितेत?”

“आत्या? आत्या त्या दिवशी होती कुठे?”

“तेच.” तू माझ्याकडे पाहिलंस. “मी तुझ्या शेजारी उभी होते. एक गोष्ट लख्ख दिसली म्हणजे बाकीच्या विझल्या, बाय. तू लख्ख दिसलेलीवर कविता करतेस. मला विझलेल्यांची काळजी करावी लागते.”

“पण कविता खरी आहे.”

“असेल ना. पण कविता तू नंतर लिहितेस. धावपट्टीला नंतर नसतं.”

मी हरले नाही, असं मी ठरवलं. तूही जिंकल्याचं दाखवलं नाहीस. “जेवून जा, कवयित्रीबाई,” म्हणालीस, आणि मी जेवून गेले. कोलंबीत मीठ कमी होतं. ते मी तुला सांगितलं, कारण तेवढं तरी माझं बरोबर असायला हवं होतं.

मग तुझा खोकला सुरू झाला. मग जिना चढताना थांबणं. मग तो कागद, ज्यावर तू आता उडू शकत नाहीस एवढंच लिहिलेलं होतं. तुझे विद्यार्थी दुसऱ्या शिक्षकांकडे गेले. सौम्य, समजूतदार गृहस्थ. त्यांनी जुईला थोडे दिवस पाहिलं आणि म्हणाले, तयार आहे ही, जाऊ दे एकटी. त्या संध्याकाळी जुई बॅग घेऊन घरी आली.

“मला मासा ऐकू आल्याशिवाय मी एकटी बसणार नाही, आई. सरांना दिसत नाहीये, मला माहितीये. मी अजून बहिरीच आहे.”

तिने पुस्तकं माळ्यावर टाकली. बँकेच्या परीक्षांचे अर्ज भरते म्हणाली. घरावरून विमान गेलं की पूर्वी ती बोलता बोलता थांबून आवाजावरून जात सांगायची. आता तिने खिडकीच लावून घेतली. तू अंधेरीच्या त्या रुग्णालयात पडून रोज एकच प्रश्न विचारायचीस, “गेली का ती?” मी म्हणायची, “नाही गं.” आणि तू भिंतीकडे तोंड करायचीस. तुझ्या आजारावर तू कधी चिडली नाहीस. यावर चिडलीस.

ती दुपार आता सांगते.

तुझ्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. उशाशी यंत्र होतं आणि त्यावर एक हिरवा आकडा. तो उतरत होता. मी त्या आकड्याकडे पाहत होते, भारती. मला तो अजून दिसतो, त्याचा रंग, कोपऱ्यातला एक तुटका ठिपका, काचेवर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. इतकं लख्ख मी आयुष्यात काही पाहिलं नसेल. त्या आकड्याला मी डोळ्यांनी वर उचलून धरत होते. नर्स माझ्या दंडाला धरून काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलत होते. तुझा हात माझ्या हातात होता, असं जुई म्हणते. मला तो आठवत नाही. तुझ्या तळव्याची ऊब, जिच्यासाठी आज मी काहीही देईन, ती माझ्या मुठीत होती आणि माझ्या बोटांना कळली नाही.

आणि मग आकडा नव्हता. मग एकदम सगळे आवाज परत आले, कुणीतरी दार उघडावं तसे. यंत्राची लांब शिटी, बाहेर कुणाचं तरी हसणं, खाली रस्त्यावर ‘भंगारवाला’.

परतताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा जुई म्हणाली, “आई, मावशी बोलली. ऐकलंस?”

“कधी?”

“शेवटी. तुझ्याकडेच बघत होती. मास्कमधून बोलली. एकच शब्द.”

मी तुझ्या उशाशी होते. जुई पायांशी उभी होती. ऐकण्यावर मी जन्म काढला, मात्रांचा, श्वासांचा, विरामांचा हिशेब मुलांना शिकवत आले. आणि तुझा शेवटचा शब्द माझ्या अंगावरून वाऱ्यासारखा निघून गेला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

जुईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण त्यांत काहीतरी जागं झालेलं होतं. “मासा होता,” ती म्हणाली. “उतरल्यावर सांगेन.”

मी तिच्यावर ओरडले. हे काय खेळायचं वय आहे, हा काय क्षण आहे, असलं काहीबाही. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. जुईने माझा हात धरला आणि सोडला नाही. पण शब्दही सांगितला नाही. नियम तुझा होता. तो मोडायचा अधिकार आता कुणालाच उरला नव्हता.

तुझे दिवस झाले आणि तिने माळ्यावरून पुस्तकं काढली.

मी तिच्याबरोबर गेले. तू नसताना कुणीतरी तिथे असावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्या शब्दाच्या लोभाने. नव्या शिक्षकांनी तिच्याबरोबर सकाळी फेऱ्या मारल्या, मग विमान थांबवून ते उतरले, आपल्या रिकाम्या जागेचा पट्टा आवळून दार लावलं आणि बोटाने वर जाण्याची खूण केली. ते पांढरं, दोन आसनांचं विमान आपलं आपण वळलं. उजवीकडची जागा रिकामी होती. तिथे तू बसायचीस.

मी हँगरच्या सावलीत उभी राहिले आणि ठरवलं की या वेळी ऐकायचं. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीची दोरी लोखंडी खांबावर टणटण वाजत होती. पलीकडच्या शेतात कुणीतरी ट्रॅक्टरला शिव्या देत होतं. वाळलेल्या गवताचा आणि पेट्रोलचा वास एकमेकांत मिसळला होता. मी एकेक नाव घेऊन धरून ठेवत होते: दोरी, ट्रॅक्टर, गवत. विमान लांबून वळून धावपट्टीच्या रेषेत आलं. ते खाली येऊ लागलं आणि माझ्या हातून आधी ट्रॅक्टर सुटला. मग गवत गेलं. दोरीला मी अगदी शेवटपर्यंत घट्ट धरलं होतं, तीही गेली. उरली फक्त एक पांढरी वस्तू आणि तिच्याखाली काळी पट्टी. मी पुन्हा बहिरी झाले, भारती. तुझं शास्त्र माझ्या अंगावर तंतोतंत उतरलं.

पण वरती ती होती, आणि तिला ऐकू येत होतं. टायर टेकल्याचा चित्कार मला ऐकू आला नाही. विमान उसळलं नाही, एवढंच दिसलं. मग पातं थांबलं, आणि दोरी परत टणटणू लागली.

तुमच्या रिवाजाप्रमाणे बाकीची मुलं बादल्या घेऊन टपलेली होती. एकटं उडून आलेल्याला नखशिखान्त भिजवायचं. “पळू नको गं ए, पळू नको!” असा गलका झाला, आणि जुई पळालीच नाही. डोळे मिटून उभी राहिली आणि सगळं पाणी अंगावर घेतलं. मग निथळत माझ्याकडे आली. तिच्या केसांना इंजिनाचा वास होता.

मी विचारलं नाही. तुझ्या जागी उभं राहून तो प्रश्न विचारण्याची माझी योग्यता नव्हती. तिनेच कानाशी तोंड आणलं.

“मांदेली,” ती म्हणाली.

तू तेव्हा मनात काय धरलं होतंस ते मला कधीच कळणार नाही. कदाचित तू शिष्येची शेवटची परीक्षा घेतलीस. कदाचित तुला फक्त तुझी आई दिसत असेल, कमरेवर हात ठेवलेली. जुई म्हणते तू माझ्याकडे बघत होतीस. म्हणजे तो शब्द माझ्यासाठी होता, घरचा, कामावर कधीही न नेलेला, आणि मी काटा समोर पाहून पुन्हा हात मागे घेतला होता. तू सांगत होतीस, चाव. तो ज्या कानात पडायला हवा होता त्यात पडला नाही, दुसऱ्या कानात पडला. आणि त्याने तिला वर नेऊन खाली आणलं.

आपला वाद मी तुला देऊन टाकते. फक्त एवढं ऐक. त्याच खोलीत, त्याच दुःखात, तुझ्यावर माझ्याइतकीच माया करणारी मुलगी उभी होती, आणि तिचे कान गेले नाहीत. म्हणजे भीती प्रत्येक वेळी सगळंच खात नाही. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. ‘ऐकायला शिकवावं लागतं गो. फुकट नाही येत.’ बरं. शिकवलंस.

परत आल्यावर मी वेसाव्याच्या बाजारात गेले. तुझी धाकटी बहीण आईच्या जागेवर बसते ना, तिच्याकडून वाटा घेतला. तिने विचारलं, “काटा चालंल ना तुम्हाला?” घरी येऊन मी स्वतः तळल्या, रवा थोडा जळला. जुई समोर बसली होती. खिडकी उघडी होती. वरून एक विमान समुद्राकडे गेलं आणि तिने घास थांबवून त्याची जात सांगितली.

मी चावले. आवाज आला.